चष्मा उतरल्यानंतरचे तीन महिने

नंबर घालवणारा लेझर एका डोळ्यावर जेमतेम अर्धा-पाऊण मिनिट चालतो. डोळा भरून यायला त्यानंतर तीन महिने लागतात, आणि त्या तीन महिन्यांसाठी हातात पडतो तो पाच-सहा ओळींचा छापील कागद. ड्रॉप वेळेवर घाला, डोळे चोळू नका, गॉगल वापरा. सगळं बरोबर. पण चौथ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुसऱ्या दिवसापेक्षाही कमी दिसायला लागलं की माणूस हादरतो, आणि ते का होतं हे त्या कागदावर नसतं. इथे जे लिहितोय ते पीआरकेबद्दल आहे, म्हणजे बुबुळावरचा पापुद्रा काढून थेट लेझर मारायच्या पद्धतीबद्दल. लॅसिक किंवा स्माइल या नंबर घालवायच्या दुसऱ्या लेझर पद्धती करणाऱ्यांना यातलं निम्मंच लागू पडेल, कारण त्यांचा त्रास एक-दोन दिवसांत आटोपतो.

मग त्रासाचं पीआरके का करायचं? त्यामागे साधा हिशेब असतो. माझ्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेपाच. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, सर्वसाधारणपणे मध्यभागी ५४० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असते, माझी ४७८. साडेसहा मिलिमीटर व्यासाच्या भागात एक नंबर उतरवायला साधारण १४ मायक्रॉन थर जातो, म्हणजे साडेपाचला ७७. लॅसिकमध्ये त्याआधी ११० मायक्रॉनची झडप कापून बाजूला करतात. ती परत बसवली तरी ताकदीच्या हिशेबात तिला धरत नाहीत. ४७८ मधून ११० आणि ७७ गेले की उरतात २९१. खाली किमान २५० मायक्रॉन राहिले पाहिजेत हा जुना दंडक, पण बरेच सर्जन ३०० च्या खाली जायला राजी नसतात. पीआरकेमध्ये झडप नाहीच. ५० मायक्रॉनचा वरचा पापुद्रा काढून थेट लेझर मारतात, त्यामुळे खाली ३५१ उरतात आणि पापुद्रा नव्याने उगवतो. तो उगवण्याची किंमत म्हणजे पहिले पाच दिवस.

हा हिशेब आपण स्वतः मागून घ्यावा. तपासणीत पेंटाकॅम नावाच्या यंत्राने कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतात. त्यावर सगळ्यात पातळ जागेची जाडी लिहिलेली असते. त्या आधी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स किमान एक ते दोन आठवडे आणि कडक लेन्स तीन-चार आठवडे बंद हवी. लेन्सच्या दाबाने कॉर्नियाचा आकार बदललेला असतो, आणि त्या बदललेल्या आकारावर मोजमाप घेतलं तर लेझर चुकीच्याच आकारावर बेतला जातो. खर्चाबद्दल एवढंच सांगतो की नंबर साडेसातपेक्षा कमी असेल तर आरोग्य विम्यात हे बसत नाही. तो अपवाद पॉलिसीतच लिहिलेला असतो. भरतीसाठी डोळे करून घेणाऱ्या पोरांनी आधी त्या त्या भरतीच्या जाहिरातीतली वैद्यकीय अट वाचावी. काही ठिकाणी शस्त्रक्रियेनंतर ठरावीक काळ जावा लागतो आणि काही पदांना ती चालतच नाही.

आदल्या रात्री डोक्यावरून अंघोळ करून घ्यायची, कारण पुढचा आठवडाभर केसांना पाणी लागणार नाही. काजळ, सुरमा तीन-चार दिवस आधीपासून बंद. काजळाचे कण पापण्यांच्या मुळांशी धरून बसतात आणि एका धुण्यात निघत नाहीत. त्या दिवशी सेंट, बॉडी स्प्रे, वासाचं तेल काही नको. अत्तराची वाफ लेझरच्या वाटेत आली तर किरणाची मात्रा बदलते. लेझरच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता सांभाळतात तीही याच कारणासाठी.

आतलं काम थोडक्यात असं. बधिर करणारे ड्रॉप, पापण्या उघड्या ठेवणारी तारेची क्लिप, मग बुबुळावर छोटं गोल कडं ठेवून त्यात पातळ अल्कोहोल वीस-तीस सेकंद. पापुद्रा सैल झाला की तो बाजूला सरकवतात. त्या क्षणी समोरचा हिरवा ठिपका फुटून पसरल्यासारखा दिसतो; ते अपेक्षितच असतं. मग लेझरची टकटक आणि केस जळल्यासारखा वास. जळत मात्र काही नाही. १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर ऊतीतले बंध तोडून तिची वाफ करतो, शेजारच्या थराला उष्णता जवळजवळ पोहोचतच नाही. ही करामत १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्यांच्या हाताला लागली त्यांत रंगास्वामी श्रीनिवासन हे मूळचे चेन्नईचे शास्त्रज्ञ होते, आणि त्यांनी पहिला प्रयोग केला तो सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर. लेझर थांबला की मोठ्या नंबरवाल्यांना मिटोमायसिन ०.०२ टक्के भिजवलेला स्पंज काही सेकंद ठेवतात, पुढे कॉर्नियावर धुरकटपणा येऊ नये म्हणून. मग गार सलाइनने भरपूर धुणं आणि शेवटी बँडेज लेन्स, म्हणजे जखमेवर पट्टीसारखी बसणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स. दोन्ही डोळे मिळून पंधरा-वीस मिनिटं.

बधिरता तासा-दीड तासात उतरते. वेदनेची गोळी त्याआधी पोटात गेलेली पाहिजे. दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी दोन पावलं मागेच राहते. दुखणं कसं, तर मिरच्या कुटताना हात डोळ्याला लागावा तसं, फक्त धुऊन न जाणारं. डोळ्यांतून धारा, नाकातून पाणी, आणि उजेडाचा तर इतका वैताग की दाराच्या फटीतली तिरीपसुद्धा टोचते. खिडकीला जाड चादर लावून ठेवा. शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना गॉगलवर टोपी घाला आणि गाडीत मागे बसा. मिरजेहून सांगलीला संध्याकाळी निघालात तर मावळता सूर्य सगळा रस्ताभर तोंडावर असतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणीला परत जाताना उगवता. दोन्ही दिवशी वेळ दुपारची मागून घेतली की दोन्ही टळतात.

पहिल्या दोन रात्रींत एक मोह होतो: तो बधिर करणारा ड्रॉप घरी का देत नाहीत? ओळखीच्या मेडिकलमधून मिळतोही. तो घालायचा नाही म्हणजे नाही. प्रोपाराकेनसारखे ड्रॉप वारंवार पडले की पापुद्र्याच्या पेशी पुढे सरकायच्याच थांबतात, जखम उघडी राहते, आणि पुढे कॉर्निया विरघळण्यापर्यंत मजल जाते. दुखणं थांबलेलं असल्यामुळे ते कळतही नाही. वेदना कमी करणारे दुसरे ड्रॉप डॉक्टर देतात, नेपाफिनॅकसारखे. तेही पहिले दोन-तीन दिवसच. फ्रीजमधले कृत्रिम अश्रूंचे गार ड्रॉप आणि मिटलेल्या डोळ्यांवर कपाळाच्या बाजूने गार रुमाल, हा उतारा मात्र हवा तितका घ्यावा. रुमाल ओला टपटपणारा नको, आणि पापणीवर दाब तर मुळीच नको.

आता चौथ्या दिवसाचं. कॉर्नियावर आठ-साडेआठ मिलिमीटर व्यासाची जखम असते. नवा पापुद्रा चहूबाजूंनी कडेकडून आत सरकतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे चार दिवसांत सगळ्या कडा मधोमध, नेमक्या आपल्या नजरेसमोर येऊन भिडतात. तिथे शिवणीसारखा उंचवटा तयार होतो आणि सगळं दोनदोन, पुसट दिसतं. पहिल्या दिवशी तक्त्यावर ६/१८ ची ओळ (निरोगी डोळा १८ मीटरवरून वाचतो ती, ६ मीटरवरून) वाचता आली होती, चौथ्या दिवशी ६/३६ वर गाडी अडली, आठव्या दिवशी पुन्हा ६/१८. महिन्याला ६/९ आणि तीन महिन्यांनी ६/६. चौथ्या दिवसाची घसरण म्हणजे जखम भरत आल्याची खूण आहे. पण एक अट: नजर कमी झाली तरी दुखणं कमी होत गेलं पाहिजे. दुखणंही वाढत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिच्याकडे पुढे येतो.

बँडेज लेन्स चौथ्या-पाचव्या दिवशी काढतात, तीही स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर, जखम मिटल्याचं पाहून. आधी काढली तर कोवळा पापुद्रा लेन्सला चिकटून निघून येतो आणि दिवस पुन्हा एकपासून मोजायला लागतात. झोपेतून उठल्यावर लेन्स कोरडी पडून पापणीला धरलेली असते. डोळा झटकन उघडू नका. मिटल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात कृत्रिम अश्रूंचे दोन थेंब सोडा, ते आत झिरपू द्या, अर्ध्या मिनिटाने हळू उघडा. लेन्स उशीवर पडलेली सापडली तर धुऊन परत घालायची नाही. दवाखान्यात फोन करायचा आणि जायचं.

ड्रॉप हा या सगळ्यातला कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. अँटिबायोटिक, बहुधा मॉक्सिफ्लोक्सॅसिन, दिवसातून चार वेळा आठवडाभर. स्टेरॉइड, फ्लुरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल, चार वेळा. कृत्रिम अश्रू पहिले दोन आठवडे जागेपणी दर तासा-दीड तासाला. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन काढतं. घट्ट औषध नेहमी शेवटी. स्टेरॉइडची बाटली दरवेळी हलवायची. औषध तळाशी बसलेलं असतं, न हलवता घातलं तर पहिला आठवडा नुसतं पाणी आणि शेवटचा आठवडा सगळी साय. खालची पापणी खाली ओढून तयार झालेल्या खिशात एकच थेंब. डोळ्यात एकाहून जास्त थेंब मावत नाही, बाकीचा गालावर. मग डोळा अलगद मिटून नाकाकडच्या कोपऱ्यावर बोटाने एक मिनिट दाबायचं. घशात कडू चव आली तर दाब कमी पडला समजा. आणि हात. साबणाने दोनदा धुतलेले. सांगलीत दुपारच्या चहाबरोबर भडंगाची डिश समोर येतेच, आणि त्याचं तिखट-तेल नखाच्या कडेला किती वेळ राहतं ते त्याच बोटाने पापणी ओढल्यावर कळतं.

बाटल्यांचा अंदाज आधीच घ्या. पाच मिलीच्या बाटलीत साधारण शंभर थेंब निघतात. स्टेरॉइड महिनाभर चार वेळा, मग पंधरा-पंधरा दिवस तीन, दोन, एक असं उतरवलं तर दोन डोळ्यांना चारशेवीस थेंब होतात. सांडलवंड धरून पाच बाटल्या. मधेच बाटली संपली, मेडिकलमध्ये तो ड्रॉप नव्हता आणि दोन दिवस खंड पडला, ही अगदी नेहमीची चूक. स्टेरॉइड एकदम तुटलं की धुरकटपणा उसळतो. कृत्रिम अश्रू मात्र प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच घ्या. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह दिवसातून दहा-बारा वेळा डोळ्यात गेलं तर कोरडेपणा घालवायला घातलेला ड्रॉपच चुरचुर वाढवतो. छोट्या तोडायच्या कुप्या महाग पडतात, पण पहिला महिना तिथे काटकसर करू नये. मोठ्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा. महिन्याने टाकून द्यायची.

स्टेरॉइडची दुसरी बाजू म्हणजे डोळ्यातला दाब. काही जणांचा दाब या ड्रॉपने तीन-चार आठवड्यांत चढतो, आणि चढल्याचं स्वतःला काही कळत नाही. म्हणून महिन्याची तपासणी "छान दिसतंय की" म्हणून चुकवायची नाही. यात आणखी एक मेख आहे: लेझरने पातळ झालेल्या कॉर्नियावर दाब मोजणारं यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. डॉक्टरांना हे ठाऊक असतं. पण दहा वर्षांनी एखाद्या शिबिरात दाब मोजून "नॉर्मल" लिहून दिलं, तर तिथे लेझर झाल्याचं आपणच सांगायचं असतं.

ऊन. पहिल्या तीन महिन्यांत अतिनील किरण कॉर्नियाच्या भरून येणाऱ्या थराला चिथावतात आणि तिथे पांढुरकी जाळी धरते. गॉगल तीन महिने, उन्हाळा मधे आला तर सहा. काचेचा काळेपणा आणि अतिनीलपासून बचाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस्त्यावरचा दीडशे रुपयांचा गडद काळा गॉगल उलट घातक, कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि न अडवलेले किरण जास्तच आत जातात. यूव्ही ४०० लिहिलेला, बाजूनेही झाकणारा घ्या, आणि चष्म्याच्या दुकानात मीटर असेल तर काच तपासून घ्या. एक मिनिटाचं काम आहे.

डिसेंबर-जानेवारी निवडला तो पावसाळ्यातली डोळ्यांची साथ आणि मेचं ऊन टाळायला. पण आपल्याकडे या दिवसांत दुसरा धुरळा असतो. उसाची तोड झाली की फडातलं पाचट पेटवतात. तो धूर संध्याकाळी खाली बसतो. जानेवारी संपता संपता नवी हळद यायला लागते, आणि मार्केट यार्डाच्या बाजूला हळद पॉलिश होत असेल तिथून दुचाकीवरून गेलात तर शर्टावर पिवळी झाक दिसते. जी शर्टावर बसते तीच डोळ्यात जाते. पहिला महिना दुचाकी टाळा, किंवा हेल्मेटची काच खाली करूनच चालवा. कृष्णेत पोहणं महिनाभर बंद. रंगपंचमी तीन महिन्यांच्या आत येत असेल तर त्या दिवशी घरात बसा. रंगातली बारीक खडी आणि पाण्याच्या फुग्याचा मार, दोन्ही डोळ्याला नकोत.

रात्रीचं ड्रायव्हिंग हा स्वतंत्र विषय आहे. दिव्यांभोवती कडी दिसतात, समोरच्या गाडीचा प्रकाश कापसासारखा पिंजारतो. दिवसा ६/९ वाचणारा माणूसही रात्री फसतो, कारण अंधारात बाहुली लेझर केलेल्या भागाच्या कडेपर्यंत उघडते. त्यात गळीत हंगाम. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने भरलेला. त्याची गाणी अर्ध्या किलोमीटरवरून ऐकू येतात, ट्रॉली दिसते ती पुढ्यात आल्यावर. दोन महिने रात्री तासगाव किंवा ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) रस्त्याला स्वतः गाडी घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे, तक्त्यावर कितीही ओळी वाचता येत असल्या तरी.

कॉम्प्युटरचं काम आठ-दहा दिवसांनी जमतं, पण आधी अक्षरं दीडपट मोठी करून. सुरुवातीला नंबर किंचित अधिककडे झुकलेला असतो, म्हणून लांबचं बरं आणि मोबाईलवरचं अंधूक असं काही आठवडे चालतं. स्क्रीनकडे बघताना पापण्या निम्म्याही लवत नाहीत. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवरचं काहीतरी वीस सेकंद बघा आणि दहा वेळा पूर्ण पापणी मिटा. अंघोळ आठवडाभर मानेखालीच. झोपताना प्लॅस्टिकच्या जाळीदार वाट्या चिकटपट्टीने लावून, उताणं. डोळा नकळत चोळला जातो तो पहाटे, आणि तिथेच वाटी कामाला येते. फोडणी आणि कांदा पंधरा दिवस दुसऱ्याने करावा. गुलाबपाणी, मध, दुधाच्या घड्या, तूप, एरंडेल घेऊन मायेने येणारी माणसं असतात. त्यांना नाही म्हणा. उघड्या जखमेत जंतूंना याहून चांगलं खाणं मिळत नाही.

आणि ती वेगळी गोष्ट. तिसऱ्या दिवसानंतर दुखणं वाढत चाललं, एकच डोळा जास्त लाल झाला, पिवळा चिकट स्राव आला, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला किंवा नजर एकाएकी पडली, तर सकाळची वाट न बघता त्याच दिवशी, रात्र असली तरी, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. त्या वेळी फोनवर "स्टेरॉइड वाढवू का" असं विचारत बसू नये आणि आपणहून तर वाढवूच नये.

चाळिशी मात्र चुकत नाही. लांबचा नंबर गेलेल्या माणसाला बेचाळीस-पंचेचाळिसाव्या वर्षी वाचायला चष्मा लागतोच. उलट उणे नंबरवाला चष्मा काढून वाचायचा, ती सोय आता गेली. तसाच डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) प्रश्न. लेझरने कॉर्नियाचा आकार बदलला, डोळ्याची लांबी तेवढीच राहिली. उणे साडेपाचचा लांबट डोळा आतून तसाच ताणलेला असतो आणि पडदा फाटायचा धोका कमी झालेला नसतो. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यायचा. अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखे चमकारे दिसले तर लगेच.

राहिली फाईल. शस्त्रक्रियेआधीचा नंबर, पेंटाकॅमचा नकाशा, कॉर्नियाच्या वक्रतेचे के-रीडिंगचे आकडे, किती मायक्रॉन काढले त्याची छापील पट्टी आणि स्थिर झाल्यावरचा नंबर, एवढे कागद मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या वक्रतेवरून काढतात, आणि लेझरने ती वक्रता बदललेली असल्यामुळे नेहमीचं सूत्र चुकतं. जुने आकडे हाताशी असले तर दुरुस्ती करता येते. तीस वर्षांनी तो दवाखाना असेलच असं नाही. आणि थर्मल कागदावरची पट्टी तर दोन-चार उन्हाळ्यांत कोरी होते, तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढा.